तीन चमचे

झारासायला तळ्याकाठच्या माझ्या औषधाच्या दुकानात
ल्युद्विकास गुरुवारी येतो, दवाखान्यातून थेट,
बोटाच्या टोकावर कापसाचा बोळा दाबून.
एक पूर्णांक चार, म्हणतो,
नापास झालेल्या पोरासारखा.
हवा असतो दोन ते तीनच्या मध्ये.
डॉक्टरीणबाईंनी पुन्हा गोळी वाढवली.

"जाड माणूस, जाड रक्त. पातळ होतंय कशाला?"
जाड कुठला! त्याच्या पट्ट्याला
खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं आहेत,
एक हिवाळ्यातलं, एक ईस्टरनंतरचं.

मी विचारते, सगळ्यांनाच विचारते ते:
आणखी काय घेता?
काही नाही.
लसूण? काढा? बाजारातल्या बायांकडची पुडी?
काही नाही, पोरी. रात्री थोडा चहा.

कसला, ते विचारायला हवं होतं.
मागे रांग होती, कुणाचं तरी बाळ खोकत होतं.
मी विचारलं नाही. इथे लिहून ठेवते.

पाव, अर्धी, पाऊण करत
गोळी चढत गेली तीन महिने,
आणि आकडा एकदाचा दोनवर आला. टिकला.
कागद दाखवायला तो मुद्दाम आला, टोपी काढून.

मग ऑगस्टमध्ये, मी शटर ओढत असताना,
त्यानं कोटाच्या आतून बरणी काढली.
काकडीच्या लोणच्याची जुनी बरणी,
झाकणाला लोकरीचा धागा,
तळाशी काड्या आणि पिवळट चुरा.
"तीन चमचे उरलेत. तुमच्याकडे मिळेल का असलं?
तिच्यासारखं नसलं तरी चालेल."

झाकण उघडायच्या आधीच मी ओळखलं.
योनाझोले.
जूनमधल्या सगळ्यात छोट्या रात्री दंवासकट खुडतात ती.
कळी चिरडली की बोटं लाल होतात,
पान उजेडासमोर धरलं
तर सुईनं टोचून टोचून ठेवल्यासारखं दिसतं.
माझी आई उदास माणसांना पाजायची,
आणि ती हसायची, कधी कधी.

थोतांड असती तर बरं झालं असतं.
गरम पाणी समजून सोडून दिली असती.
पण हिला काम येतं.
यकृतात शिरून ती गोळीचं चंबूगबाळं
वेळेआधीच आवरून तिला वाटेला लावते.

दोमित्सेलेनं ती खुडली मागच्या जूनमध्ये,
माळ्यावर उलटी टांगली, चुरली, भरली.
ऑक्टोबरात ती गेली.
तेव्हापासून रोज रात्री नऊला
एक चमचा, तिच्याच कपात.

मी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
बरणी संपली की गोळीला अडवायला कुणी नाही.
एवढी वाढवलेली गोळी मोकाट सुटेल रक्तात;
आधी दात घासताना लाल, मग निळे डाग,
मग एखाद्या रात्री डोक्याच्या आत, आवाज न करता.
इतके महिने डॉक्टरीणबाई
एका माणसाला तोलतच नव्हत्या.

त्याला माझ्याआधी कळलं.
"म्हणजे ती होती त्यात," तो म्हणाला. "आकड्यात."

मी फोन लावला.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग प्रश्न: फुलं की पानं? चमचा केवढा? किती वेळ झाकून?
रागावल्या नाहीत. पेनाचा आवाज आला.
त्याच्या कागदांत पहिल्यांदाच ती ओळ पडली:
दोमित्सेलेचा चहा, रोज, एक चमचा, सपाट नाही.
चहा बंद. गोळी हळूहळू खाली.
बोट दर तिसऱ्या दिवशी.

त्यानं मान डोलावली. बरणी मात्र सोडली नाही.
"आणि वासाचं काय?
नुसतं उघडून... वास जातो का रक्तात?"

मी जाडं पुस्तक काढलं. खरंच काढलं.
चष्मा लावून दोन पानं पुढे, चार मागे.
वासाबद्दल काही नव्हतं.

तो धागा पुन्हा बांधू लागला.
एका हाताला बोळा, गाठ बसेना.
मी काउंटरवरून वाकून
गाठीवर बोट ठेवलं.